जुनी सायकल घेताना

रंगाच्या तकाकीवर जाऊ नका. सायकल उन्हात नेऊन हँडलखाली फ्रेमच्या नळ्या जिथे जुळतात ती जागा निरखावी. तिथे रंगाला सुरकुती पडलेली किंवा केसासारखी रेघ दिसली, तर सायकल समोरून धडकलेली असण्याचा संभव असतो आणि ती मातीमोल भावात मिळाली तरी घेऊ नये. चेन मात्र मोजूनच पाहावी. नव्या चेनच्या 24 कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, 12 इंच भरतात. ही लांबी 1/8 इंचाने वाढलेली आढळली, तर बहुधा मागचे दातेही झिजलेले असतात, तेव्हा विक्रेत्याने ‘आत्ताच ऑइलिंग केले आहे’ असे कितीही सांगितले तरी दोन्हींचा खर्च किमतीतून कमी करून मागावा. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणात उभ्या राहिलेल्या सायकलीच्या टायरची नक्षी शाबूत असली, तरी त्याच्या बाजू तडकलेल्या असू शकतात. सेमिनरी हिल्सच्या उतारावर, वर्दळ नसताना, ब्रेक अवश्य तपासावेत. मूळ बिल मागण्यात संकोच नको (प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही). फ्रेमवरचा क्रमांक सहसा पायडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो, आणि बिलावर क्रमांक असेल तर तो त्याच्याशी जुळायलाच हवा.