विमान : पक्षी नव्हे, मोजमाप

विमाननगरच्या एका वाचकाने विचारलंय : ‘वि’ म्हणजे पक्षी आणि ‘मान’ म्हणजे सारखं, म्हणून विमान म्हणजे पक्ष्यासारखं उडणारं, अशी व्युत्पत्ती व्हॉट्सॲपवर फिरतेय. ती बरोबर आहे का?

नाही. संस्कृतात पक्ष्याला ‘वि’ म्हणतात एवढं खरं, पण विमानातला ‘वि’ हा उपसर्ग आहे आणि पुढचा धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. ऋग्वेदातल्या हिरण्यगर्भ सूक्तात (१०.१२१) ‘यो अन्तरिक्षे रजसो विमानः’ असं येतं : अंतरिक्षातला प्रदेश जो मोजतो, तो. तिथे उडणारं वाहन नाहीच. तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्या विष्णूच्या सूक्तातही (१.१५४) हाच धातू ‘विममे’ या रूपात आहे, आणि मला तर शब्दाचं मूळ तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

याच ‘मा’चं गोत आपण रोज वापरतो : अनुमान, उपमा, प्रमाण, परिमाण, निर्माण. शेवटच्या तिघांत आधी ‘र’ आल्यामुळे ‘न’चा ‘ण’ झाला. विमान, अनुमान यांत तो तसाच राहिला. अपमान आणि सन्मान मात्र या घरातले नव्हेत. ते ‘मन्’ धातूचे.

मोजून-आखून बांधलेली वास्तू असाही अर्थ पुढे आला. रामायणात विमान म्हणजे उंच महालही आणि पुष्पक हे वाहनही. दक्षिणेत गर्भगृहावरचं शिखर आजही विमान. तंजावरच्या बृहदीश्वराचं त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. अमरकोशाच्या काळी आकाशातल्या वाहनाचा अर्थ पक्का झालेला दिसतो : ‘व्योमयानं विमानोऽस्त्री’. ‘अस्त्री’ म्हणजे स्त्रीलिंगी नव्हे, पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी. मराठीने नपुंसकलिंग घेतलं : ते विमान.

आपल्याकडे हा शब्द विमानं उडायच्या कितीतरी आधीपासून कीर्तनांत होता. तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले, ही कथा देहूच्या बीजेला आजही सांगतात. त्यामुळे यंत्राचं विमान आलं तेव्हा मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही. हाताशी होता तोच रुळला, आणि त्यावरून विमानतळ, विमानवाहू हे शब्द सहज झाले. वैमानिक हा त्यांच्याहून जुना आहे. जैन ग्रंथांत तो विमानांत राहणाऱ्या देवांच्या एका वर्गाचं नाव आहे; आज लोहगावच्या धावपट्टीवरून विमान उडवणाऱ्याला आपण तेच म्हणतो.