एमजीबी एकसारख्या स्पीडला मिसिंग मारते, पेट्रोल की करंट?

प्रश्न: नमस्कार सर, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. माझ्याकडे १९७० ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी जुनी यंत्रणा) सगळं जुनंच ठेवलंय. आयडलिंग छान, गावात काही त्रास नाही, पण मोठ्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठ मैलांवर एकसारखी चालवली की गचके देते, मिसिंग मारते, टॅकोमीटरचा (इंजिनचे आरपीएम दाखवणाऱ्या मीटरचा) काटा पण मधूनच खाली पडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र मस्त उचलते. प्लग, लीड, कॉइल नवीन टाकले, कार्बोरेटरचं किटही बदललं, फरक काहीच नाही. मित्र म्हणतात ई-१० पेट्रोलमुळे (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवाल्या) होतंय, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. काय करू?

उत्तर: आता काहीही विकत घेऊ नका, प्लीज. तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की फॉल्ट कुठे बघायचा ते जवळजवळ कळतंच.

पहिली म्हणजे टॅकोमीटरचा काटा. तुमच्या मॉडेलमध्ये कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) जाणारा करंट टॅकोमीटरमधून फिरून जातो आणि त्या करंटच्या ठोक्यांवरच काटा चालतो. गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन चाकांना बांधलेलं आहे, म्हणजे इंजिनचे आरपीएम अर्ध्या सेकंदात पडून परत वर येणं शक्यच नाही, मग काटा का पडतो? कारण पॉइंट-कॉइलच्या बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये करंट तुटतोय. पेट्रोल कमी आलं असतं, जेट तुंबलं असतं किंवा एखाद्या प्लगची लीड लीक असती तर गचके तसेच बसले असते पण काटा शांत राहिला असता. म्हणून कार्बोरेटर आणि ई-१० दोघांनाही या केसमधून सोडा. (ब्रिटनमध्ये ई-१० सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल झालं, जुन्या रबरी होजना ते मानवत नाही, म्हणून अशा गाडीत ई-५ सुपर टाकलेलं बरं, पण तो वेगळा विषय.)

दुसरी गोष्ट, आणि मला ही जास्त महत्त्वाची वाटते, गचके फक्त हलक्या पायाने एकसारखं चालवताना येतात, आयडलला नाही आणि फुल ॲक्सिलरेटरला पण नाही. नेमकं त्याच अवस्थेत व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगी थोडी आधी पाडणारा भाग) काम करतो! तुमच्या गाडीत व्हॅक्यूमची बारीक नळी कार्बोरेटरवरून निघते, आयडलला तिथे ओढ जवळजवळ नसते, पूर्ण पाय दाबला की पण राहत नाही, मधल्या स्पीडला ती भरपूर असते आणि डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागातली) पॉइंट बसवलेली प्लेट फिरवून धरते. त्या फिरणाऱ्या प्लेटला दोन वायरी आहेत, एक कॉइलकडून पॉइंटला येणारी आणि दुसरी छोटी अर्थिंगची, प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंत. दोन्ही मऊ असाव्या लागतात कारण गाडी चालताना त्या सतत वाकत असतात, आणि पन्नास वर्षांत आतली तार तुटते पण वरचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. प्लेट एका बाजूला असली की तार टेकते, फिरली की सुटते. माझा संशय नव्वद टक्के इथेच.

टेस्ट फुकट आहे. कार्बोरेटरवरून ती व्हॅक्यूमची नळी काढा, ती कार्बोरेटरवर जिथे बसते ते बारीक टोक घट्ट बंद करा आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला चालवून बघा. गचके गेले तर चोर सापडला. थोडे मैल असं चालवल्याने इंजिनला काही होत नाही, पेट्रोल जरा जास्त लागेल इतकंच. मग घरी येऊन डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, इग्निशन बंद ठेवून नळीचं मोकळं टोक तोंडाने ओढा, प्लेट फिरताना दिसली पाहिजे (नाही फिरली तर व्हॅक्यूमचा डायफ्रॅम फाटलाय किंवा प्लेट जाम आहे), आणि फिरवत असतानाच मल्टिमीटरने प्लेट ते बॉडी आणि मग पॉइंटची वायर अशी कंटिन्युइटी (तार अखंड आहे का ते) बघा. वायरी बोटाने हळूच ओढूनही बघा, तार तुटलेली असेल तर आवरण रबरासारखं ताणतं. नवीन वायर टाकताना साधी जाड वायर सोल्डर करू नका, ती आठवड्यात तुटेल, डिस्ट्रिब्युटरसाठी मिळते तीच बारीक धाग्यांची मऊ वायर घ्या. पॉइंट परत बसवताना इन्सुलेटरचे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, तिथे चुकलं तर पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि गाडी स्टार्टच होत नाही. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ०.३८ मिमी, ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) ६० अंशाच्या आसपास, आणि गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, ते परत लावा.

नळी काढूनही गचके राहिले तर इग्निशन स्विच आणि तिथून कॉइलकडे येणाऱ्या पांढऱ्या वायरीचे बुलेट कनेक्टर (दाबून बसवायचे जोड) बघा. बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला फ्यूज लावलेली तात्पुरती वायर द्या, मिसिंग गेलं तर दोष स्विचकडून येणाऱ्या लाइनमध्ये. एक लक्षात ठेवा, ही वायर असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल, आणि टॅकोमीटर चालणार नाही.

तुम्ही टाकलेली कॉइल पण तपासा. तुमच्या गाडीला बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा रेझिस्टर) नाही, कॉइल साधारण ३ ओहमची हवी. चुकून बॅलास्टवाली दीड ओहमची आली असेल तर ती तापते आणि पॉइंट जाळते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलंच आहे, मी विरोधात नाही, पण पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्यूल त्याच प्लेटवर बसतं आणि त्याच अर्थिंगवर चालतं, म्हणजे आधी वायर नीट केली नाही तर पैसे जातील आणि गचके तसेच. वायर बदला, महिनाभर गाडी चालवा, मग हौस म्हणून बसवायचं तर बसवा, काढलेले पॉइंट आणि एक चांगला कंडेन्सर मात्र डिकीत ठेवा, कारण मॉड्यूल रस्त्यात गेलं तर ते तिथे दुरुस्त होत नाही.