'चंद्रराव' : नाव की किताब?

प्रश्न असा आहे : "जावळीचे चंद्रराव मोरे आदिलशाहीच्या आरंभीच्या हकीकतीतही भेटतात आणि 1656 मध्येही. मग हा एकच माणूस कसा? चंद्रराव हे नाव म्हणायचं की आडनावाचा भाग?"

दोन्ही नाही. चंद्रराव हा किताब, आणि तोही गादीला जोडलेला. विजापूरकरांनी तो मोऱ्यांना दिला, आणि पुढे जावळीच्या गादीवर जो बसे तो चंद्रराव. पाळण्यातलं नाव वेगळंच. त्यामुळे 'चंद्ररावाने अमुक केलं' हे वाक्य सन सांगितल्याशिवाय अर्धंच राहतं. जानेवारी 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, ती त्या वेळच्या चंद्ररावाकडून; पहिल्या चंद्ररावाचा त्यात काही संबंध नाही. (जावळी गावही नीट पाहून लिहावं. जावळी तालुक्याचं ठाणं मेढा आहे, पण मूळ जावळी आज महाबळेश्वर तालुक्यात, प्रतापगडाजवळ येते.)

'किताब' शब्दाचीही गंमत आहे. अरबीत खिताब म्हणजे पदवी आणि किताब म्हणजे पुस्तक. मराठीच्या तोंडी दोन्ही एकच झाले.

या डोंगरी मुलखात राज्यं बदलली तशी पदव्यांची भाषाही बदलली. कऱ्हाड-पन्हाळ्याचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. तगर म्हणजे आजचं तेर. तिथे त्यांची सत्ता नव्हती. कुळाचं मूळ सांगणारं ते बिरुद होतं. तेराव्या शतकाच्या आरंभी यादव राजा सिंघणाने शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पाडाव केला आणि ते बिरुद मागे पडलं. बहमनी आणि नंतर आदिलशाही आली. दरबार फारसीचा, तरी घाटमाथ्यावरच्या मराठा सरदारांना दिलेले किताब बरेचदा इथल्याच शब्दांचे : मोऱ्यांना चंद्रराव, माणमधल्या मलवडीच्या घाटग्यांना झुंजारराव. शेवटचा 'राव' संस्कृत राजन् वरून प्राकृतातून उतरलेला. कागलकर घाटग्यांच्या 'सर्जेराव'मध्ये मात्र पुढचा भाग फारसी 'शर्झा', म्हणजे उग्र, सिंहासारखा. फारसी डोकं आणि मराठी शेपूट अशी जोडणी तेव्हा कुणालाच खटकत नव्हती.

'हंबीरराव' याहून लांबचा प्रवासी. अरबी 'अमीर'चं संस्कृत लेखांत 'हम्मीर' झालं, ते राजपुतांत विशेषनाम बनलं आणि आपल्याकडे 'हंबीर' म्हणून रुजलं. तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना तो किताब मिळाला. 1687 मध्ये वाईच्या लढाईत ते पडले, तेव्हा समोर शर्झाखान होता. एका रणात अमीर आणि शर्झा समोरासमोर, आणि दोन्ही शब्द बाहेरून आलेले!

आता खरा फरक. भोसऱ्याच्या कुडतोजी गुजरांना 'प्रतापराव' मिळाला तो माणसाला. 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीला ते पडल्यावर सरनौबती, म्हणजे सेनापतिपद, हंसाजी मोहित्यांकडे गेली, प्रतापराव हा किताब गेला नाही. सरनौबत हा हुद्दा, तो पुढच्याला मिळतो. चंद्रराव गादीचा, वारसाबरोबर चालतो. प्रतापराव माणसाचा, त्याच्याबरोबर संपतो. जुना कागद वाचताना आधी हे तीन वेगळे करावेत, नाहीतर दोन माणसांचा एक होतो किंवा एकाचे दोन होतात.

त्यासाठी कागदाची तारीख लावता आली पाहिजे. शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, अरबी अंकनामांत असतो : सित म्हणजे 6, खमसैन 50, अलफ 1000. 'सित खमसैन अलफ' म्हणजे 1056. त्यात मे अखेर ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारी ते मेसाठी 600 मिळवायचे. सन मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास पालटतो. म्हणून 1056 मध्ये 1655 चा पावसाळा बसतो आणि 1656 मधली जावळीची जानेवारीही. सरसकट 600 मिळवणारे पावसाळ्यातल्या कागदांत नेमके एका वर्षाने चुकतात.

लिहिताना 'जावळीचे तत्कालीन चंद्रराव' किंवा 'मोरे घराण्यातील चंद्रराव' असं लिहावं. 'चंद्रराव मोरे' चूक नाही, पण सोबत सन हवाच.

हुद्द्याचं आडनाव झाल्याचं उदाहरणही साताऱ्यातच आहे. प्रतिनिधिपद राजाराम महाराजांनी जिंजीला निर्माण केलं. किन्हईचे परशुराम त्रिंबक मूळचे कुलकर्णी. पुढे ते पद त्यांच्या घराण्यात स्थिरावलं आणि औंधची गादी 'पंतप्रतिनिधी' या आडनावानेच ओळखली जाऊ लागली. 'चंद्रराव' असं आडनाव झालं नाही, कारण 1656 नंतर जावळीची गादीच उरली नाही.