टॅली दर विक्रीला तोटा दाखवते? आधी ओपनिंगचा रेट बघा

ताई, "चारशे आयटम शॉपिफायवरून टॅलीत घेतले, बँकेत पैसा येतोय पण टॅली दर विक्रीला तोटा दाखवते" हे तुमचं वाक्य वाचलं अन् पोटात गोळाच आला. (नवख्यांसाठी: शॉपिफाय म्हणजे वेबसाइटवरचं दुकान चालवायची सेवा, टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर.) तीन वर्षांपूर्वी मी याच खड्ड्यात पडलो होतो. नागपूरच्या गांधीबागेतून कुर्त्या उचलायच्या, वेबसाइटवर विकायच्या, एवढाच माझा धंदा.

आयटम चढलेत म्हणजे फाइल काढणं, इम्पोर्ट वगैरे तुम्हाला येतंच. ओपनिंग स्टॉकला, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक मालाला, रेट कोणता लावला ते सांगा.

शॉपिफायच्या फाइलमधली 'प्राइस' म्हणजे विक्रीची किंमत, बहुतेकांची जीएसटी धरून. खरेदीचा भाव 'कॉस्ट पर आयटम' या वेगळ्या रकान्यात असतो. माझा तो कोराच होता. मी सरळ प्राइस उचलून रेटमध्ये टाकली. 340 ला घेतलेली कुर्ती टॅलीत 799 ची झाली. नग सहाशे. सीएंच्या बॅलन्सशीटमध्ये मागच्या वर्षअखेरचा माल, म्हणजे क्लोजिंग स्टॉक, 2,04,000, आणि टॅलीत ओपनिंग निघाला 4,79,400! आता 799 ला विकली की 5 टक्के जीएसटी जाऊन हातात 761, टॅलीच्या लेखी खरेदी 799. नगामागे अडतीस रुपये तोटा.

बॅलन्सशीटवर 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' (सुरुवातीच्या आकड्यांतला फरक) अशी 2,75,400 ची ओळ आली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांच्या ऑफिसात फोन केला (नाव घेत नाही). दोन दिवस "साहेब बाहेर गेलेत". तिसऱ्या दिवशी एका पोराने सांगितलं, "काही नाही भाऊ, कॅपिटलमध्ये टाकून द्या, जुळून जाते." जुळलं की! फरक माझ्या भांडवलात जमा, ओळ गायब, मी खूश. अरे बापा, रेट काय लावला एवढं तरी विचारायचं होतं त्याने. वर्षभराच्या सपोर्टचे पैसे भरले होते मी.

सीएंची फी गेली ते सोडा. खरा फटका वेगळाच. तोटा दिसतो म्हणून दिवाळीच्या तोंडावर मी भाव 799 चा 899 केला. ऑर्डरी आटल्या. सीझन गेला. मार्चमध्ये सीएंनी विचारलं, "हे पावणेतीन लाख भांडवल कुठून आणलं?" तेव्हा कळलं की तोटा कधी नव्हताच.

तर मी सीए नाही, तुमच्या सीएंना दाखवूनच हात लावा. पण माझ्या मते आधी खरेदीची बिलं काढून प्रत्येक आयटमचा रेट दुरुस्त करा. ओपनिंगची एकूण रक्कम मागच्या बॅलन्सशीटच्या क्लोजिंगशी जुळेपर्यंत बाकी काही करू नका. कॅपिटलमध्ये काही टाकलं असेल तर तेवढं मात्र मागे घ्या.

नग मात्र वेबसाइटवरून घेऊ नका, रॅकवर मोजा. सीओडीचे (माल मिळाल्यावर पैसे) परतीच्या वाटेवर असलेले पार्सल आणि फाटका-डागाळलेला माल वेबसाइटला कळत नाही. मी टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात मोजणी केली होती. तसलं काही करू नका, पहाटे पाचला सुरू करा.

तुम्ही लहान मुलांचे कपडे विकता ना? मग फाइल एक्सेलमध्ये नुसती डबल क्लिकने उघडू नका. '2-4' साइजची तारीख होते, तेरा आकडी बारकोड 8.9E+12 होऊन बसतो, आणि तसंच सीएसव्हीत सेव्ह केलं की मूळ आकडा गेलाच. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. शिवाय शॉपिफायच्या फाइलमध्ये नाव फक्त पहिल्या व्हेरियंटच्या (रंग-साइजच्या प्रकाराच्या) ओळीत असतं, खालच्या ओळी कोऱ्या. टॅलीत एकाच नावाचे दोन आयटम चालत नाहीत, म्हणून रंग-साइज नावातच घाला अन् एसकेयू, म्हणजे मालाचा कोड, एलियासमध्ये (टॅलीतल्या दुसऱ्या नावाच्या जागी). इथले बाकीचे माझ्याशी सहमत नसतील, पण पॅकिंगवाल्या पोरांना नाव वाचता येतं, कोड नाही.

आत्ता एवढंच करा: टॅलीच्या स्टॉक समरीतली (मालाच्या गोषवाऱ्यातली) ओपनिंगची रक्कम आणि मागच्या वर्षीचा क्लोजिंग स्टॉक, दोन्ही आकडे इथे टाका. फरक बघून पुढचं सांगतो.