जळगावात शहराच्या कडेला घर घेतोय. बिबट्या, तरस, साप यांची खरोखर किती भीती बाळगावी?

तुमची पुण्याहून जळगावला बदली झालीय, बघितलेल्या रो-हाऊसच्या मागच्या भिंतीला लागूनच केळीची बाग आहे, घरात दोन लहान मुलं आणि एक कुत्रा आहे, आणि ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी बिबट्याचा व्हिडिओ टाकलाय. तो व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. असले व्हिडिओ दर हिवाळ्यात नव्या गावाच्या नावाने फिरतात. मागच्या हिवाळ्यात तसाच एक आमच्या गावच्या नावाने आला होता आणि त्यात मागे चक्क नारळाची झाडं होती!

मी चाळीसगाव तालुक्यातला. शेत गिरणाकाठी, नोकरी जळगावात. त्यामुळे शहराकडून आणि मळ्याकडून, दोन्हीकडून हा प्रकार बघतो.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की जंगल तिकडे डोंगरात आणि वस्ती इकडे. नकाशा बघितला तर तसं दिसतंही. उत्तरेला सातपुडा, त्यात यावलचं अभयारण्य (१९६९ पासूनचं). दक्षिणेला आमच्याकडे पाटणादेवीच्या अंगाने गौताळा औट्रमघाट अभयारण्य, ते १९८६ चं. मधला सगळा पट्टा तापी, पूर्णा, गिरणेच्या बागायतीचा. पण बिबट्याच्या दृष्टीने केळीची बाग आणि उसाचं रान काय वाईट आहे? बारा महिने हिरवं, आत गारवा, ठिबकचं पाणी, आणि एक बाग काढली तरी शेजारची पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर वाढवलेली बाग) उभीच असते. वर गावातली कुत्री, बकऱ्या, डुकरं. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडे, पूर्णेच्या बाजूला, तर केळीच्या बागांत पट्टेदार वाघ राहिलेत. आणि त्याच बागांमध्ये मजूर घड कापायला जातात, रोज. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपण फेकतोय असं समजतो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबटे मोजले होते. जंगल नावालाही नाही, नुसती ऊस-मक्याची शेतं, तरी शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेवरून खाण्याचा हिशेब काढला तर सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाने ३९ टक्के. तिथे लोकवस्ती दाट आहे, पण त्या काळात बिबट्याने माणूस मारल्याची घटना घडलेली नव्हती. तेव्हा तुमच्या घरात धोका असलाच तर आधी कुत्र्याला आहे. त्याला रात्री घरात घ्या. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट.

आता माझा अनुभव सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, जी पेपरात कधी येत नाही. आमच्याकडे बिबट्या दिसतो तो शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे. थ्री फेज लाइट आठवड्याचे काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात अख्खं गाव अंधारात मळ्यात असतं. कोणी वाफे बदलतंय, कोणी फ्यूज टाकतंय, कोणी मोटर का बंद पडली म्हणून विहिरीवर वाकून बघतंय. बिबट्याचीही कामाची वेळ तीच. पाळी दिवसाची झाली की गाव म्हणतं, "गेला वाटतं." तो कुठे जातो? तिथेच असतो, आपण झोपलेले असतो एवढंच. आमचा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) एका वाक्यात सांगतो: "भाऊ, तो आपले रोज देखस, आपले तो दिखस नही."

मला तो दिसला अशाच एका रात्रपाळीत, जानेवारीच्या थंडीत. गव्हाला पाणी चालू होतं. बांधावरून बॅटरी फिरवली तर पुढच्या उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. कुत्र्याचेही चमकतात, म्हणून आधी काही वाटलं नाही. मग ते डोळे खाली गेले, म्हणजे तो बसला. कुत्रा असा बसत नाही. सालदार माझ्या मागे होता, त्याने माझा शर्ट धरला आणि मोठ्याने बोलायला लागला. बिबट्याशी नाही, माझ्याशी, उद्याच्या खताच्या गोणीबद्दल. मीही बोलायला लागलो. बॅटरी त्याच्या बाजूला धरून, पाठ न दाखवता, आम्ही हळूहळू विहिरीच्या खोलीपर्यंत मागे सरकलो. तो उठला, आमच्याकडे न बघता आडवा निघून उसात शिरला. एवढंच. अंगावर येणं नाही, डरकाळी नाही. सांगताना लोकांची निराशा होते.

वनखातंही हेच सांगतं: पळू नका, वाकू नका, खाली बसू नका, आवाज करत माणूस म्हणून उभे राहा. वाकलेला माणूस उंचीला शेळीएवढा होतो आणि लहान मूल तर मुळातच तेवढं असतं. उघड्यावर शौचाला बसणारी माणसं आणि वाकून काम करणाऱ्या बायका जास्त का सापडतात, याचं कारणही हेच.

म्हणून भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या शेवटी आमच्याच तालुक्यात गिरणाकाठच्या गावांमध्ये बिबट्याने माणसं मारली. ऐन कापूस वेचणीचे दिवस. बायकांनी शेतात जाणं सोडलं, बोंडं झाडावर लोंबत राहिली, संध्याकाळी सहाला दारं बंद. शेवटी डिसेंबरात वरखेड्याजवळ त्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना 'बिबट्या निरुपद्रवी असतो' असं सांगायला कोणी जाऊ नये. पण तो एक होता. त्याच्या आधीही बिबटे होते आणि नंतरही आहेत, आणि कापूस वेचणी दर वर्षी होते.

यावर लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे पिंजरा लावा, पकडा, जंगलात सोडा. हा उपाय दिसतो चांगला. जुन्नर भागात २००१ नंतर असे बरेच बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, आणि मग ज्या ठिकाणी सोडले तिथेच माणसांवरचे हल्ले वाढल्याचं अभ्यासात दिसलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परत फिरायला बघतं, आणि त्याची जुनी जागा दुसरा बिबट्या घेतो. माझं मत विचाराल तर आमच्या पट्ट्यात पिंजऱ्यांपेक्षा सौरपंपांनी जास्त काम केलंय. ज्याच्या विहिरीवर पॅनेल बसलं, तो रात्री मळ्यात जायचाच थांबला.

पिंजऱ्याइतकीच मला गर्दीची धास्ती वाटते. बिबट्या चुकून वस्तीत शिरला, एखाद्या गोठ्यात अडकला, की पाचशे माणसं मोबाइल घेऊन भोवती. मग तो कोणाच्या तरी अंगावरून उडी मारतो आणि जखमींची यादी येते. असं झालं तर मुलांना घेऊन आत जा, दार लावा, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. रात्र झाली की तो बहुतेक वेळा स्वतःच वाट काढतो.

जळगाव शहरात 'वाघ आला' अशी आवई उठते तेव्हा ठसा बघायला शिका. बिबट्याचा ठसा गोलसर असतो आणि नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत असतात. कुत्र्याची आणि तरसाची नखं स्पष्ट दिसतात, तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा. निम्म्या आवया इथेच संपतात. तरस दिसायला भयंकर, पुढून उंच, मागून बसका, पाठीवर आयाळ. पण तो मेलेल्या ढोरांवर जगणारा भित्रा जीव आहे. चोपडा-यावलच्या बाजूला रात्रीच्या प्रवासात मला रस्ता ओलांडताना भेटलाय, आणि गाडीच्या दिव्यात त्याचीच जास्त धांदल उडाली.

रोही आणि रानडुकरं घराला नाही, दुचाकीला धोकादायक. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. पहाटे-संध्याकाळी शिवारातल्या रस्त्याने जाताना एक आडवं गेलं की थांबा, मागून आणखी येतात. वानरं कुठे कुठे त्रास देतात, पण ज्या कॉलनीत त्यांना केळी-बिस्किटं घालतात तिथेच.

तुमच्या जागी मी असतो तर काळजी सापांची केली असती. केळीच्या बागेत उंदीर, उंदरांमागे नाग आणि घोणस. त्यातही मण्यार. खान्देशातला मे महिना तुम्ही अजून बघितलेला नाही. पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि लोक अंगणात, गच्चीवर, खाली सतरंजी टाकून झोपतात. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्त झालं म्हणून लिंबूपाणी देतात. तुम्ही खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मुलं सकाळी बूट घालण्याआधी झटकतील असं बघा. दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नाही. हात-पाय हलवू न देता १०८ ची गाडी किंवा जी मिळेल ती, आणि थेट सरकारी दवाखाना. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. तिथे जी लस देतात ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर चालते.

तुम्ही शेळ्या-गायी पाळणार नाही असं धरतो. पण कामवाल्या मावशींची बकरी बिबट्याने मारली, तर त्यांना सांगा: मेलेलं जनावर हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. निम्मे लोक आधी पुरून टाकतात आणि मग रडतात.

घर बघायला दुपारी गेला असाल तर एकदा रात्री आठनंतर जाऊन या. रस्त्यावरचा शेवटचा दिवा कुठे आहे, बाग आणि तुमची भिंत यांच्या मध्ये किती गवत वाढलंय, गल्लीत मोकाट कुत्री किती, ते बघा. आणि मागच्या रिकाम्या प्लॉटवर चिकनवाला रात्री पिसं-आतडी टाकतो का, हे घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा.