आईचा गुडघा आणि तेरा नंबरचं कार्ड

"मॅडम, डेथ कार्ड आलं की घरातलं कुणी जातंच का?"

वृषालीने हे खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला नवा नव्हता. पूर्वी लोक मंगळ आणि साडेसाती घेऊन यायचे, आता मोबाइलमधला स्क्रीनशॉट घेऊन येतात. टॅरोचं, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांतलं एखादं 'वाईट' कार्ड निघालेलं असतं आणि त्या दिवसापासून झोप गेलेली असते.

वृषाली ३४ वर्षांची. ठाण्यात घर, अंधेरीत एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी. आई ६७ वर्षांची, साताऱ्याजवळच्या गावी. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यातला उजवा बदलायचा ठरलेला. तारीख मिळाली, तशी वृषालीने टॅरोच्या ॲपला विचारलं, ऑपरेशन नीट होईल का? डेथ आलं. तिने काहीतरी कारण सांगून तारीख पुढे ढकलली. दुसरी तारीख मिळाली, पुन्हा डेथ. तीही ढकलली. मग पैसे भरून एका बाईंकडून ऑनलाइन रीडिंग करून घेतलं. त्यांनी 'घरावर सावट आहे' म्हणत अकरा हजारांचा उपाय सांगितला.

"तो नाही केला," वृषाली म्हणाली. "मी बिल मागितलं, त्यांनी फोनच कट केला." त्या तासाभरात ती एवढ्यापुरतीच हसली.

पहिल्या भेटीत मी चूक केली. कुणालाही लागू पडेल असा मजकूर प्रत्येकाला आपलाच वाटतो, हे तिला समजावत बसले. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा निकाल' म्हणून एकच मजकूर वाटला. त्यातला बराचसा भाग त्याने स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वृषालीने सगळं शांतपणे ऐकलं, "बरोबर आहे मॅडम" म्हणाली, घरी गेली आणि त्याच रात्री पुन्हा कार्डं काढली. पुढची अपॉइंटमेंट तिने रद्द केली. घाबरलेल्या माणसाला त्याची भीती कशी खोटी आहे ते सांगितलं, की तो भीती सोडत नाही, सांगणाऱ्याला सोडतो. पंचवीस वर्षं या कामात आहे, तरी अधूनमधून हे विसरते.

दोन आठवड्यांनी ती आली. "आता तिसऱ्यांदा आलंय," तिने सांगितलं. दोन महिन्यांत तीन वेळा डेथ.

या वेळी मी वाद घातला नाही. कागद पुढे केला. ती हिशेबाची माणूस, म्हटलं आपण हिशेबच करू. टॅरोच्या संचात ७८ कार्डं. त्यातली २२ मेजर आर्काना, म्हणजे मोठी म्हणून मानलेली. उरलेली ५६ कप्स, वाँड्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार रंगांत, प्रत्येकी १४. वृषाली रोज तीन कार्डं काढायची, भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य. कुठलंही एक ठरावीक कार्ड त्या तिनांत येण्याची शक्यता २६ दिवसांतून एकदा. साठ दिवसांत सरासरी दोनदा तरी यायचं, आणि काही दिवशी तिने दोन-दोनदा काढली होती. तिने आकडे स्वतः मांडले, मग पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तीनदा येणं नॉर्मल आहे?"

"हो. आणि बाकीची पावणेदोनशे कार्डं कुठली आली होती?"

तिला चार आठवली.

एवढ्यावर काम भागलं असतं तर बरं झालं असतं. भीती थोडी उतरली, पण तारीख घ्यायला ती तयार होईना. म्हणजे अडलं होतं दुसरीकडेच कुठेतरी.

माझ्या टेबलाच्या खणात टॅरोचा एक संच आहे. येणारी माणसं नेमकं कशाबद्दल बोलतात ते कळावं म्हणून घेतलेला. मी रीडिंग करत नाही, हे तिला आधी स्पष्ट सांगितलं. मग तेरा नंबरचं, म्हणजे डेथचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. ॲपवर तिने सांगाड्यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं.

आज जगभर जो संच सर्वाधिक दिसतो तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या बहुतेक संचांत छोट्या पत्त्यांवर नुसत्या मोजून काढलेल्या तलवारी नाहीतर पेले असायचे. स्मिथबाईंनी जवळपास प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग रंगवला, आणि माझ्या मते टॅरोची सगळी ताकद तिथे आहे. प्रसंग दिसला की माणूस त्यात स्वतःला बसवतो. मुळात हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते खेळायला. फ्रान्समध्ये अजूनही या पत्त्यांचा डाव मांडला जातो. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ठोकून दिलं, की यात प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान लपलेलं आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. त्यामुळे त्याला खोडून काढणारंही कुणी नव्हतं.

"अर्थ नको सांगूस," मी वृषालीला म्हटलं. "काय काय दिसतंय तेवढं सांग."

काळ्या चिलखतातला सांगाडा. पांढरा घोडा. काळा झेंडा, त्यावर पांढरं फूल. घोड्याच्या पायाशी आडवा पडलेला राजा. हात जोडून उभे असलेले धर्मगुरू. एक लहान मूल. एक मुलगी, तोंड फिरवलेली.

"ही पण गुडघ्यांवरच बसलीये," वृषाली म्हणाली. मग बराच वेळ घोड्याकडे बघत राहिली. "हा थांबणार नाही. समोरची बाजूला झाली नाहीत तर तुडवून जाईल. सरळ घरातच घुसल्यासारखा येतोय."

"कुणाच्या घरात?"

तिने मांडीवरच्या डब्याच्या पिशवीची चेन उघडली, लावली. पुन्हा उघडली.

"वन बीएचकेत," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. ऑपरेशन ठाण्यात करायचं आणि नंतर तीन महिने आईने वृषालीकडे राहायचं, हे भावाने परस्पर ठरवलेलं. 'शेवटी मुलगीच करते आईचं' असं म्हणून. घरात नवरा, शाळेत जाणारा मुलगा, हॉलमधल्या दिवाणावर सासूबाई. रजा उरलेल्या सहा. पुढे मार्चअखेर. सकाळी ७:४० ची लोकल चुकली की दिवस कोलमडतो. हे सगळं ती कुणालाच बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. कारण बोललं की त्याचा अर्थ एकच निघणार, हिला आई जड झाली.

डेथ कार्डाने तिची ही अडचण सोडवली होती. तारीख ढकलायला असं कारण मिळालं, ज्यात ती वाईट ठरत नव्हती. उलट आईच्या जिवाला जपणारी मुलगी ठरत होती. ती ढोंग करत होती असं मी म्हणणार नाही. भीती खरीच होती, फक्त तिच्या आडोशाला दुसरं काहीतरी बसलेलं होतं.

माझी आजी सिंधुदुर्गातली. गावच्या देवळात कौल लावायला जायची. देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार. डावा कौल आला, की आजी गुरवाला म्हणायची, "परत लाव." उजवा आला, की लगेच पाया पडून घराकडे निघायची. तिला काय हवंय ते गुरवाला कौल लावण्याआधीच ठाऊक असायचं. फक्त आजीला ते देवाच्या तोंडून ऐकायचं असायचं. स्टेशनबाहेर पोपट चिठ्ठी काढून द्यायचा तेव्हाही हेच होतं, आणि ॲपही काही वेगळं करत नाही. पोपट निदान एका चिठ्ठीनंतर पिंजऱ्यात परत जायचा. ॲप रात्री तीन वाजताही उघडं असतं.

टॅरोने मार्गदर्शन मिळतं का, असं मला थेट विचारणारेही असतात. माझं उत्तर असं. उद्या काय होणार हे पत्त्यांना कळत नाही. पण चित्रासमोर बसून माणूस पुष्कळदा जे बोलतो, ते सरळ विचारलं तर बोलला नसता. ओळखीच्या एक टॅरो रीडर आहेत. त्या आजारपण, मरण आणि कोर्टकचेरी यांवरचे प्रश्न घेतच नाहीत. डेथ आलं तर 'काय संपवायचं राहिलंय?' असं समोरच्यालाच विचारतात. अशा माणसाकडे कुणी वर्षातून एकदा गेलं तर मी मध्ये पडत नाही. सावट, करणी, उपायाचे पैसे असे शब्द आले की मात्र उठून यावं. आणि एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारल्याशिवाय राहवत नसेल, कार्ड काढल्याशिवाय घराबाहेर पाय निघत नसेल, झोप उडाली असेल, तर विषय टॅरोचा राहिलेला नसतो. तिथे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. जवळ कुणी नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

वृषालीला मी दोन कामं दिली. ऑपरेशनबद्दल जी जी भीती वाटते ती लिहून सर्जनसमोर ठेवायची. भूल कुठली देणार, आईच्या शुगरचं काय, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय करतात, दुसऱ्या दिवशी चालवतात ते कशासाठी. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ७८ पत्त्यांत नाही, डॉक्टरांनी मात्र वीस मिनिटांत दिलं. तारखा ढकलल्यामुळे आधीच्या तपासण्या जुन्या झाल्या होत्या, त्या पुन्हा कराव्या लागल्या. तो खर्च तिने निमूट भरला.

दुसरं काम अवघड होतं. आईला विचारायचं, तुला कुठे राहायचंय. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वृषालीने फोन केला आणि आईचं उत्तर मला जसंच्या तसं ऐकवलं: "मी कवा म्हनले ठान्याला येते म्हनून? तुझ्या सासूबाई आन मी एका टीव्हीसमोर तीन म्हैने? नगं बाई."

ऑपरेशन साताऱ्यातच झालं. वृषाली सहा रजा आणि एक शनिवार-रविवार जोडून तिथे राहिली. घरी व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट येतो, दिवसभराला गावातली एक बाई ठेवली आहे. आई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते आणि व्यायाम घेणाऱ्या पोराला रोज शिव्या घालते.

परवा वृषाली आली ती जरा ओशाळलेली. भाऊ बाईच्या पगाराचे पैसे देत नाही. ॲपवर विचारलं, तर टू ऑफ स्वोर्ड्स आलं. डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीशी दोन तलवारी धरून बसलेली बाई.

"भावाला विचारलंस?"

"नाही अजून."

मी वही काढली. पुढच्या गुरुवारची वेळ लिहून घेतली.