काचेची देवडी 'दिसणारच नाही' असं अहवालात लिहू नका

जुन्या वारसा इमारतीच्या दारात काचेची देवडी (बंदिस्त प्रवेशदालन) बसवायची आहे, तर दृश्य परिणामाचा, म्हणजे इमारत दिसण्यात काय फरक पडेल याचा, अहवाल कसा लिहायचा, असं तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नातल्या एका वाक्यावर अडखळलो: 'देवडी पूर्ण काचेची आहे, त्यामुळे दृश्य परिणाम नगण्य, असं आर्किटेक्टचं म्हणणं आहे.' दगडी कमान, पुढे तीन पायऱ्या, कमानीत आपोआप सरकणारा दरवाजा, बाजूने रॅम्प, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाने मागितलेला दृश्य परिणामाचा अहवाल. हे सगळं ओळखीचं आहे. जवळजवळ हेच वाक्य आमच्या अहवालात होतं आणि त्यापायी फाईल दोनदा परत आली. मोजमापाची ड्रॉइंग, इमारतीच्या महत्त्वाचं टिपण, जुने फोटो एवढं तुमच्याकडे झालेलं असेल असं धरतो आणि थेट काचेवर येतो.

काच पारदर्शक असते हे अर्धंच खरं आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परततो, म्हणजे एका तावाचे दोन पृष्ठभाग मिळून ८ टक्के. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण तुलना कशाशी होते ते बघा. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असतो, तेव्हा आकाशाचा उजळपणा साधारण ३,००० कँडेला प्रति चौरस मीटर (एखादी गोष्ट किती उजळ दिसते त्याचं माप) धरता येतो. त्याचे ८ टक्के म्हणजे २४०. आत देवडीत ३०० लक्स उजेड आणि निम्मा उजेड परतवणारी भिंत असेल, तर त्या भिंतीचा उजळपणा ५० च्या आतबाहेर येतो. म्हणजे काचेत आतली भिंत दिसायच्या आधी पाचपट उजळ आकाश दिसतं. आणि हे अगदी समोर उभं राहून. रस्त्याने चालत येणारा माणूस इमारतीकडे तिरका बघतो. काचेला काटकोनातल्या, म्हणजे अगदी समोरच्या, रेषेपासून मोजलेला कोन ७० अंशांचा झाला की काच पाव भागाहून जास्त उजेड परतवते, आणि त्या माणसाच्या दृष्टीने कमानीत आरसा बसवलेला असतो. कमानीच्या आतला जो काळोख दर्शनी भागाला खोली देत होता, तोच नाहीसा होतो. दृश्य परिणाम म्हणतात तो हाच. (आकडे ढोबळ आहेत. तुमच्या काचेचे आकडे उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. दुहेरी काच असेल तर ते आणखी वाढतील.)

इथे हमखास सांगितलं जातं की 'आपण कमी लोहाची, एक्स्ट्रा क्लिअर काच वापरतोय'. त्या काचेने कडांचा आणि जाड तावांचा हिरवट रंग जातो. प्रतिबिंब जात नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोरच्या काचेच्या पिरॅमिडसाठी मुद्दाम रंगहीन काच बनवून घेतली होती, तरीही दिवसा त्यावर आकाश स्पष्ट उमटतंच. प्रतिबिंब कमी करायचं तर परावर्तनरोधक लेप लागतो. त्याने परावर्तन १-२ टक्क्यांवर येतं, पण तेही समोरून बघताना. तिरक्या कोनात त्याचा फायदा घटतो, आणि हातांचे ठसे साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतात. रोज शेकडो हात लागणाऱ्या दारावर तो लेप द्यावा असं मला वाटत नाही. बाजूच्या स्थिर तावांवर ठीक आहे.

खरा उपाय भूमितीत आहे. काच भिंतीच्या पृष्ठभागाच्या रेषेत बसवू नका, कमानीत आत घ्या. समजा कमान २.४ मीटर रुंद आहे आणि काच ७०० मिलिमीटर आत आहे. ६० अंश तिरकं बघणाऱ्याची नजर काचेपर्यंत पोचताना आडवी सुमारे १.२ मीटर सरकते आणि परावर्तित होऊन बाहेर येताना तेवढीच पुन्हा. बेरीज कमानीच्या रुंदीएवढी झाली, म्हणजे त्याला प्रतिबिंबात आकाशाऐवजी पलीकडच्या बाजूच्या दगडाची सावलीतली बाजूच दिसते. काच असून काळोख राहतो. हा एक छेद (कमान कापून आतली मांडणी दाखवणारं ड्रॉइंग) काढून अहवालात लावा, तो दहा गुळगुळीत रेंडरांपेक्षा (संगणकावर रंगवलेल्या चित्रांपेक्षा) जास्त पटवून देतो. भिंत तेवढी जाड नसेल तर काच दाराच्या जागेवरून उचलून आतल्या दालनात न्या आणि जुनी लाकडी दारं दिवसभर उघडी राहतील अशी सोय करा. दारं उघडी ठेवायला अग्निसुरक्षेचे नियम आड येऊ शकतात, ते आपापल्या ठिकाणी तपासून घ्या.

रात्री सगळं उलटं होतं. दिवसाचा आरसा रात्री कंदील होतो. जुन्या दर्शनी भागावर फार तर मंद प्रकाशझोत असतो आणि देवडीत ३०० लक्स, त्यामुळे सगळी नजर त्या चौकोनावर जाते आणि कमान, तिच्या माथ्यावरचा कोरीव मधला दगड, वरची खिडकी काळ्यात बुडते. छतातले दिवे बाहेरून थेट दिसत असतील तर आणखीच वाईट. उजेड भिंतीवरून घसरत खाली येईल असे दिवे लावा, दिव्याचा बल्ब बाहेरून दिसणार नाही हे छेदात तपासा, २,७०० ते ३,००० केल्विनचा उबदार रंग ठेवा, आणि अंधार पडल्यावर उजेड १०० लक्सच्या आसपास उतरवणारं नियंत्रण बसवा (सुरक्षेची किमान पातळी तुमच्या नियमांत काय आहे ते बघून). अहवालात रात्रीचं दृश्य नसेल तर तो अर्धाच आहे. ते दृश्य संधिप्रकाशातलं निळसर, देखणं नको. पूर्ण अंधारातलं द्या.

काचेबद्दल शेवटचं, आणि हे फोटोमाँटेजमध्ये (जागेच्या फोटोत नवं बांधकाम बसवून केलेल्या चित्रात) जवळपास नेहमीच गाळलेलं असतं: मोठी काच कोरी ठेवताच येत नाही. माणसं आदळू नयेत म्हणून तिच्यावर ठळक खुणा लागतात. ब्रिटिश नियमांत त्या दोन उंचींवर असतात, जमिनीपासून ८५० ते १,००० आणि १,४०० ते १,६०० मिलिमीटर. त्या दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही पार्श्वभूमीवर दिसल्या पाहिजेत. म्हणजे 'न दिसणाऱ्या' काचेवर मुद्दाम दिसण्यासाठी दोन पट्टे. शिवाय सरकत्या दाराच्या डोक्यावर यंत्राची १०० ते २०० मिलिमीटर उंचीची पेटी, तिच्यावर सेन्सर, बाजूला कार्ड रीडर, कॅमेरा, आणीबाणीचं बटण, आणि उंबऱ्यापाशी पाणी जाण्याची जाळी. यातलं एकही रेंडरमध्ये नसतं आणि एकूणएक प्रत्यक्षात येतं. दार पुरवणाऱ्याकडून यंत्राचं मोजमापाचं ड्रॉइंग आधी मागवा, मग माँटेज करा. पेटी कमानीच्या झरोक्याला मधूनच कापत असेल, तर जमिनीखालचं यंत्र असलेलं झुलतं दार विचारात घ्या. खोदकाम वाढतं, पण डोक्यावरची पेटी जाते.

आता कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही. आम्हाला 'दृश्य परिणाम अहवाल सादर करावा' एवढंच लिहून मिळालं होतं. कुठल्या ठिकाणांहून, किती दृश्यं, रात्रीची हवीत का, काही नाही. अहवाल दिला की तोंडी उत्तर, 'अमुक कोपऱ्यातून का नाही दाखवलं?' तो दिला की पुढचा कोपरा. प्रत्येक फेरीत महिने जातात, मधल्या काळात अधिकारी बदलतो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. अर्जदाराला काय हवं ते आधी सांगणं हे कार्यालयाचं कामच आहे, याबद्दल माझं मत ठाम आहे. पण ते बदलेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. दृश्यस्थानांचा नकाशा तुम्हीच करा, प्रत्येक स्थान का निवडलं त्याची एक ओळ लिहा, आणि काम सुरू करण्याआधी पत्राने पाठवून लेखी संमती मागा. उत्तर नाही आलं तर 'या तारखेच्या पत्राप्रमाणे ही स्थानं धरली आहेत' असं अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्याकडे तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी त्याचं टिपण करून पाठवा.

स्थानं निवडताना १९ व्या शतकातल्या मेर्टेन्स या जर्मन वास्तुकाराचा जुना आडाखा अजून कामाला येतो: इमारतीच्या उंचीएवढ्या अंतरावरून तपशील दिसतात, दुप्पट अंतरावरून पूर्ण इमारत एका नजरेत मावते, तिप्पट अंतरावरून ती आजूबाजूसकट दिसते. इमारत १२ मीटर उंच असेल तर १२, २४ आणि ३६ मीटर. यात माझी भर अशी की दोन तिरकी दृश्यं येण्याजाण्याच्या मुख्य वाटेवरून घ्या आणि एक आतून बाहेर बघणारं. आतून बाहेरचं सगळे विसरतात. उंबऱ्यावर उभं राहून कमानीतून जे बाहेरचं दिसतं, तेही वारशाचाच भाग आहे.

फोटोची शिस्त: फुल फ्रेम कॅमेरा (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा), ५० मिलिमीटरची लेन्स, तिपाई, कॅमेरा सपातळीत, उंची जमिनीपासून १.६ मीटर. जागा, तारीख, वेळ, हवामान प्रत्येक फोटोखाली. २४ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या फोटोत, तेवढ्याच आकाराच्या छपाईवर, समोरचं दार ५० च्या तुलनेत निम्म्याहूनही लहान दिसतं. कुणी मुद्दाम करत नाही, जागा अपुरी असते म्हणून फोनची रुंद लेन्स वापरली जाते आणि परिणाम आपोआप कमी दिसतो. तपासणाऱ्याच्या हे लक्षात आलं की पूर्ण अहवालावरचा विश्वास जातो. ५० मिलिमीटरच्या चित्राची रुंदी ३९० मिलिमीटर ठेवून ए-थ्री कागदावर छापलं आणि सुमारे ५४ सेंटिमीटरवरून बघितलं, तर वस्तू प्रत्यक्षाएवढ्या कोनात दिसतात. हे अंतर चित्राखाली छापा. झाडं मध्ये येत असतील तर पानगळीतला फोटोही घ्या. पानांच्या आडोशामुळे परिणाम कमी झाला असं धरायचं नसतं.

रॅम्पबद्दल थोडक्यात, कारण तिथे गणित सोपं आहे. तीन पायऱ्या १५० च्या धरल्या तर उंची ४५० मिलिमीटर. १:१२ उताराला ५.४ मीटर, वर-खाली दीड-दीड मीटरचे सपाट टप्पे मिळून ८.४ मीटर. नजरेत रॅम्प कमी आणि त्याचा कठडा जास्त भरतो, विशेषतः चकचकीत स्टेनलेस स्टीलचा. दर्शनी जोत्याच्या आडव्या रेषांवर ते तिरके दांडे ओरखड्यासारखे दिसतात. अंगणात जागा असेल तर १:२० उताराने जमीनच हळूहळू उचला. ९ मीटर लागतात, पण बऱ्याच नियमांत एवढ्या सौम्य उताराला दोन्ही बाजूंचे हँडरेल सक्तीचे नसतात. मात्र उचललेल्या जमिनीखाली जोत्याचा कोरीव थर आणि हवेची भोकं गाडली जाणार नाहीत आणि पाणी भिंतीकडे वळणार नाही, हे पाहा. जमत नसेल तर रॅम्प आणि गडद, बिनचकाकीचा दांडा घ्या. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला मागच्या दाराने पाठवून दर्शनी भाग 'वाचवणं' हा पर्याय मला मान्य नाही. अहवालातही तो पर्याय तपासून नाकारल्याचं कारणासकट लिहा.

'नगण्य' हा शब्द वापरायचा तर आधी त्याचा अर्थ ठरवा. इकोमॉस या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत घटकाचं मूल्य आणि बदलाचं प्रमाण वेगवेगळं ठरवून मग दोन्हींच्या तक्त्यातून परिणाम काढायची पद्धत आहे. ती जागतिक वारसा स्थळांसाठी होती आणि २०२२ मध्ये तिच्या जागी नवी आली, पण एखाद्या कमानीपुरता तो तक्ता अजून सोयीचा वाटतो. पूर्ण दर्शनी भागाला एकच गुण देऊ नका. कमान, पायऱ्या, जुनी दारं, जोतं, अंगण प्रत्येकाचं वेगळं लिहा. पायऱ्यांवर परिणाम मध्यम आणि कमानीवर किरकोळ असं कबूल केलेला अहवाल 'सगळीकडे नगण्य' म्हणणाऱ्यापेक्षा लवकर पुढे सरकतो.

आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष आकाराचा नमुना उभारा. १९८५ च्या मे महिन्यात लूव्रच्या चौकात क्रेन आणि तारांनी पिरॅमिडची खऱ्या मापाची बाह्यरेषा उभी करून लोकांना दाखवली होती. तुम्हाला लाकडी पट्ट्यांची चौकट, पेटीच्या जागी पुठ्ठा, रॅम्पच्या कडेने दोरी आणि काचेचा एक भाड्याने आणलेला ताव पुरतो. काचेऐवजी ॲक्रिलिक चालेल, पण ते वाकतं आणि प्रतिबिंब लाटांसारखं दिसतं, म्हणून निदान एक मीटर रुंदीची खरी काच हवीच. दोन दिवस ठेवा, सकाळ, दुपार आणि अंधारात ठरलेल्या स्थानांवरून फोटो घ्या, आणि अधिकाऱ्यांना संध्याकाळी बोलवा.

जाता जाता: चौकट दगडात नव्हे, सांध्यातल्या चुन्यात अडकवा. पुढे काढावी लागली तर सांधा पुन्हा भरता येतो, दगडातलं भोक तसंच राहतं. मात्र सांधे १० मिलिमीटरहून बारीक असतील तर हे जमत नाही. तेव्हा चौकट जमिनीवर आणि आतल्या बाजूला स्वतःच्या पायावर उभी करा, दगडाला नुसता रबराचा स्पर्श ठेवा. वजनाचं आणि वाऱ्याच्या दाबाचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही करून घ्या, ते माझ्या उत्तरावरून ठरवू नका. कमानीचं आणि पायऱ्यांचं मोजमाप टाकलंत तर काच किती आत घ्यावी लागेल ते काढून देतो.